‘करू शकते’ या क्रियापदाविषयी : गांजा, स्तनकर्करोग आणि शास्त्रीय मराठी

शास्त्रीय विषयांवरील मराठी लेखनाची चर्चा आपल्याकडे बहुधा परिभाषेपाशी सुरू होते आणि परिभाषेपाशीच थांबते. शरीराच्या सूक्ष्म घटकाला ‘पेशी’ म्हणावे की ‘कोशिका’, गाठीला ‘अर्बुद’ म्हणावे की ‘ट्यूमर’ हाच शब्द ठेवावा, खेकड्याच्या प्रतिमेवरून बेतलेला ‘कर्करोग’ चालवावा की खेड्यापाड्यांत रुळलेला ‘कॅन्सर’ पत्करावा, यांवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. मराठी विश्वकोशाने कोशिका जवळ केली, शालेय पुस्तकांनी पेशी. (आमच्या वऱ्हाडात न्यायालयातील तारखेलाही पेशी म्हणतात, ‘पेशी वाढली’ या वाक्याचा अर्थ विचारला तर वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांना शेताच्या बांधावरून चाललेला दावा आठवतो.) हे वाद निरर्थक आहेत असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु नामांची चिकित्सा करण्यात आपण इतके रमलो आहो की क्रियापदांकडे आणि शब्दयोगी अव्ययांकडे आपले लक्ष जात नाही. शास्त्रीय विधानाचे बळ किती, ते कोणत्या मर्यादेत खरे आणि कोणाच्या साक्षीवर उभे आहे, हे सारे मराठीत नाम सांगत नाही. ते काम क्रियापदाचा आणि प्रत्ययाचा शेवट करतो. तो शेवट भाषांतरात सैल झाला की नाम कितीही शुद्ध असले तरी विधान खोटे ठरते.

या मुद्द्याच्या विवेचनासाठी मी एकच विषय घेतला आहे : गांज्याच्या झाडातील काही द्रव्ये आक्रमक स्तनकर्करोगावर औषध म्हणून उपयोगी पडतील काय, हा. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने वैद्यकात का शिरावे, असे कोणी विचारील. मी वैद्यकात शिरलो नाही. वैद्यक माझ्या वर्गात आले.

नांदगाव खंडेश्वर येथे पदव्युत्तर वर्गाला व्याकरण शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर एक कात्रण पुढे केले. तिच्या आईच्या छातीतील गाठीचा तुकडा तपासून आला होता आणि निदान वाईट होते. शहरातील डॉक्टरांनी ताबडतोब औषधोपचार सुरू करण्यास सांगितले होते. परंतु ते मृगाचे दिवस होते. पेरणी आटोपू द्यावी आणि तोवर कोणीतरी आणून दिलेल्या गांज्याच्या तेलाचे थेंब घेऊन पाहावेत, असे घरात ठरले. कात्रणातील एक वाक्य तिने पेन्सिलीने अधोरेखित केले होते. गांज्यातील घटक आक्रमक स्तनकर्करोग रोखू शकतात, अशा आशयाचे ते होते. तिने विचारले, “सर, इथं ‘शकतात’ आहे. म्हणजे रोखतातच ना?”

प्रश्न व्याकरणाचा होता आणि तो व्याकरणाच्या शिक्षकाला विचारला गेला होता. मला सांगण्यास संकोच वाटतो की, मी त्या वेळी नीट उत्तर देऊ शकलो नाही. त्याच महिन्यात मी तिच्या वर्गाला ‘शकणे’ या सहायक क्रियापदाचा अर्थ फळ्यावर एका शब्दात लिहून दिला होता : सामर्थ्य. त्या अर्थाने तिचे अनुमान बिनचूक होते. ज्याच्या अंगी रोखण्याचे सामर्थ्य आहे ते रोखतेच. आई पुढे उपचारासाठी नागपूरला गेली. परंतु मध्ये सात आठवडे निघून गेले होते.

‘पोरगी पोहू शकते’ या वाक्यात सामर्थ्य आहे. ते अनुभवाने सिद्ध झालेले आहे, म्हणूनच आपण तसे बोलतो. ‘आज पाऊस पडू शकतो’ या वाक्यात सामर्थ्य नाही, केवळ संभव आहे. हा दुसरा प्रयोग आज सर्वत्र रूढ असला तरी त्यावर इंग्रजी आणि हिंदी वळणाची छाया आहे, असे मला वाटते. जुन्या वळणाचा माणूस ‘पाऊस येईलसा दिसतो’, ‘पडायचा संभव आहे’, ‘पडेल बहुधा’ असे म्हणे. त्यात बोलणाऱ्याचा अंदाज स्पष्ट दिसे आणि पावसाकडे कोणतेही सामर्थ्य लागत नसे. इंग्रजीत सामर्थ्याचे आणि संभवाचे सहायक क्रियापद बव्हंशी वेगळे ठेवता येते, आणि शास्त्रीय निबंध लिहिणारे ते जपून वापरतात. मराठी वृत्तलेखक दोहोंसाठी एकच ‘शकते’ वापरतो. वाचक त्यातून जो अर्थ अधिक जुना, अधिक ठसठशीत आणि त्याच्या गरजेचा, तो उचलतो. रोग्याच्या घरात हा अर्थ कोणता असणार हे सांगावयास नको.

‘संभाव्य’ या विशेषणाची गोष्ट याहून बिकट आहे. संशोधनाच्या इंग्रजीत ज्याला केवळ ‘अजून न तपासलेले, पण तपासण्याजोगे’ म्हटलेले असते, त्याचे भाषांतर आपण ‘संभाव्य उपचार’ असे करतो. आता मराठीत संभाव्य काय काय असते ते पाहावे. संभाव्य मंत्रिमंडळ, संभाव्य पूर, संभाव्य उमेदवारांची यादी. या प्रत्येक ठिकाणी गोष्ट घडण्याच्या बेतात आहे, तिची वर्दी आधी लागलेली आहे, असा ध्वनी निघतो. ‘संभाव्य पूर’ म्हटले की नदीकाठचे लोक सामान हलवितात. त्याच न्यायाने ‘संभाव्य उपचार’ म्हटले की वाचक समजतो, औषध तयार आहे, दुकानात यावयाचे बाकी आहे. वस्तुतः प्रयोगशाळेतून निघालेल्या अशा द्रव्यांपैकी फारच थोडी रोग्यापर्यंत पोचतात. शब्दकोशात ‘संभाव्य’ हा पर्याय चुकीचा नाही. वापरात तो चुकीचा ठरला आहे.

आता ज्या संशोधनावरून ही वाक्ये निघाली त्याकडे वळू. गांज्याच्या झाडात शंभराहून अधिक अशी द्रव्ये सापडतात की ज्यांना एकत्रितपणे कॅनाबिनॉइडे म्हणतात. त्यांपैकी नशा आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी हे शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना निश्चित करण्याचे काम १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी केले. नशा न आणणारे दुसरे द्रव्य कॅनाबिडिऑल; ते त्यापूर्वीच, १९४० साली, अमेरिकेत वेगळे झाले होते. पुढे १९९० साली मेंदूतील ज्या ग्राहीवर ही द्रव्ये बसतात त्याचे जनुक हाती आले. आणि १९९२ साली शरीर स्वतःच बनवीत असलेले याच जातीचे एक द्रव्य सापडले. जेरुसलेमच्या संशोधकांनी त्याला नाव देताना संस्कृतातील ‘आनंद’ हा शब्द घेतला व त्याला रसायनशास्त्रातील ‘अमाइड’ जोडले. आज आपण त्या द्रव्याचे नाव इंग्रजी उच्चारावरून ‘ॲनंडामाइड’ असे लिहितो आणि घरचा आनंद ओळखत नाही. परिभाषेच्या आपल्या अभिमानावर याहून बोलके भाष्य मला ठाऊक नाही.

ही नावे सांगण्याचा हेतू इतकाच की, ‘कॅनाबिनॉइड’ म्हणजे ‘गांजा’ नव्हे. ते कुळाचे नाव आहे. त्यात झाडातील द्रव्ये येतात, शरीरातील येतात आणि प्रयोगशाळेत बनविलेली कृत्रिमही येतात.

२००७ साली सान फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया पॅसिफिक मेडिकल सेंटरमधील शॉन मॅकॲलिस्टर, पिएर-इव्ह देप्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. आक्रमक स्तनकर्करोगाच्या, काचपात्रात वाढविलेल्या मानवी पेशींना त्यांनी कॅनाबिडिऑल दिले. या पेशींत आयडी-१ नावाचे जनुक जागे असते. गर्भावस्थेतील वाढीच्या काळात हे जनुक कामात असते आणि प्रौढ शरीरातील बहुतेक पेशींत ते निजते. पसरणाऱ्या कर्करोगात ते पुन्हा जागे होते आणि पेशींना आसपासच्या ऊतीत घुसण्यास साहाय्य करते. कॅनाबिडिऑल दिल्यावर या जनुकाचे कार्य उतरले आणि पेशींचे घुसणे मंदावले. २०११ साली याच गटाने उंदरांतील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत कर्करोगाचा फुप्फुसाकडे होणारा प्रसार कमी झालेला दिसला. तिकडे माद्रिदच्या कॉम्प्लुतेन्से विद्यापीठातील मानुएल गुस्मान, क्रिस्तिना सांचेझ आणि मारिया काफारेल यांच्या गटाने २०१० साली दुसऱ्या एका आक्रमक प्रकारावर, हर-२ या प्रथिनाच्या जोरावर वाढणाऱ्या गाठींवर, उंदरांत टीएचसीचा उपयोग करून पाहिला व गाठींची वाढ मंदावल्याचे नोंदविले.

हे काम प्रामाणिक आहे आणि महत्त्वाचेही आहे. तरीही २००७ च्या निबंधाच्या भाषेविषयी एक आक्षेप नोंदविला पाहिजे. त्याच्या सारांशात कॅनाबिडिऑलचे वर्णन बाहेरून देता येण्याजोगे विषारी नसलेले द्रव्य असे आले आहे. नेहमीच्या रसायनोपचाराशी तुलना करता हे विशेषण समजण्यासारखे आहे. परंतु तुलना वाक्यात नाही, ती वाचणाऱ्या तज्ज्ञाच्या डोक्यात आहे. मराठीत ते ‘निरुपद्रवी’ होऊन येते आणि तुलना कायमची गळते. कॅनाबिडिऑल अधिक मात्रेत यकृताला त्रास देते आणि इतर औषधांचे शरीरातील पचन अडविते, हे अपस्मारावरील औषध म्हणून त्याला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली तेव्हाच्या चाचण्यांतून स्पष्ट झालेले आहे. रसायनोपचार चालू असलेल्या बाईने डॉक्टरांना न सांगता ते घेणे निरुपद्रवी खचितच नव्हे.

मूळ निबंधाच्या शीर्षकाची रचनाही पाहण्यासारखी आहे. त्यात कॅनाबिडिऑल हे द्रव्य प्रथम येते, मग ते कशाचे रोधक आहे ते जनुक, आणि सर्वांत शेवटी ‘पेशींत’ हा मर्यादा घालणारा शब्द. इंग्रजी वाक्याच्या शेवटास जो जोर असतो तो तेथे मर्यादेला मिळाला आहे. मराठीत विशेषणे व षष्ठ्यंत पदे नामाच्या आधी येतात. त्यामुळे हेच शीर्षक ‘आक्रमक स्तनकर्करोगाच्या पेशींतील आयडी-१ जनुकाच्या कार्याचे नवे रोधक : कॅनाबिडिऑल’ असे होते. मर्यादा घालणारा शब्द मधल्या गर्दीत सापडतो. वृत्तपत्राच्या मथळ्यास जागा कमी. तो दोन टोके ठेवतो आणि मधले काढतो. उरते ते ‘स्तनकर्करोग’ आणि ‘कॅनाबिडिऑल’. पुढे कॅनाबिडिऑल हा शब्द अवघड म्हणून त्याच्या जागी ‘गांजा’ येतो. कोणीही खोटे बोललेले नसते. प्रत्येकाने एकेक शब्द सोपा केलेला असतो.

पण हा शेवटचा बदल केवळ ढोबळपणाचा नाही. भारतीय गांज्यात सामान्यतः टीएचसी पुष्कळ आणि कॅनाबिडिऑल अल्प असते. अमेरिकेतच २००५ साली मॅककॅलिप व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला. ज्या स्तनकर्करोगाच्या पेशींवर कॅनाबिनॉइडांचे ग्राही फारसे नसतात अशा पेशी उंदरांत घालून त्यांनी टीएचसी दिले, तेव्हा गाठी अधिक वाढल्या आणि अधिक पसरल्या. कारण शरीराची प्रतिकारशक्ती दबली. म्हणजे ज्या नामाच्या जागी आपण सोईसाठी ‘गांजा’ ठेवतो, त्या गांज्यातील प्रमुख द्रव्याने एका परिस्थितीत उलटा परिणाम घडविला आहे. वनस्पतीचे नाव तिच्या एका अंशाला देण्याची लक्षणा काव्यात भूषणावह असेल. येथे ती विधानाचा अर्थ फिरवून ठेवते.

आपल्या भाषेत या झाडासाठी शब्दांची कमतरता आहे, असेही नाही. पानांची ती भांग, फुलोऱ्याचा तो गांजा, राळेचा तो चरस, हा भेद कोणत्याही खेड्यातला म्हातारा सांगेल. वैद्यकात विजया, जया, मातुलानी अशी नावे आहेत. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक अधिनियमाने हाच देशी भेद कायद्यात घेतला : फुले वा फळे धरलेला शेंडा म्हणजे गांजा, शेंड्याशिवायची पाने व बिया त्यात मोडत नाहीत, आणि म्हणून भांग त्या व्याख्येबाहेर राहिली. कायद्याने जी काटेकोरी लोकभाषेकडून उचलली ती आपली शास्त्रीय वार्ता मात्र विसरते. ‘तुळशीत भांग’ ही म्हण ज्या भाषेत आहे तिला झाडाझाडांतला फरक शिकवावा लागू नये.

शब्दयोगी अव्ययातही असाच एक घोटाळा लपलेला आहे. ‘तापावर औषध’, ‘खोकल्यावर औषध’, ‘कर्करोगावर औषध’. हा ‘वर’ मोठा उदार आहे. रोग मुळापासून काढणारे, रोगाचे एखादे लक्षण शमविणारे आणि उपचाराने उत्पन्न झालेला त्रास कमी करणारे, अशा तिन्ही प्रकारच्या औषधांना तो एकाच पंक्तीत बसवितो. कॅनाबिनॉइडांविषयी हे विशेष घातक आहे, कारण त्यांचा एक उपयोग खरोखरीच सिद्ध झालेला आहे. रसायनोपचारामुळे होणाऱ्या मळमळीवर व ओकाऱ्यांवर कृत्रिमरीत्या बनविलेल्या टीएचसीला, ड्रोनाबिनॉल या नावाने, अमेरिकेत १९८५ साली मान्यता मिळाली. ‘कर्करोगावर गांजातील द्रव्याला मान्यता’ असे याचे मराठी केले तर ते व्याकरणदृष्ट्या अशुद्ध म्हणता येणार नाही. परंतु ओकारी थांबविणारे औषध गाठ विरघळविणारे ठरले, आणि तेही एका दोन अक्षरी अव्ययामुळे.

‘आक्रमक’ या विशेषणाचेही थोडे सांगितले पाहिजे. ज्या प्रकाराला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात त्यात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या दोन संप्रेरकांचे ग्राही आणि हर-२ प्रथिन, या तिन्हींचा अभाव असतो. त्यामुळे या तिन्हींना लक्ष्य करणारी औषधे तेथे चालत नाहीत. हा प्रकार तुलनेने तरुण स्त्रियांत अधिक आढळतो आणि भारतात त्याचे प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा जास्त आहे. तो वेगाने वाढतो व लवकर पसरतो, इतकाच वैद्यकातील ‘आक्रमक’चा अर्थ. मराठीत या शब्दामागे सैन्य आणि राजकारण उभे आहे. आक्रमकापुढे एक तर शरण जावे लागते किंवा काही अद्‌भुत शस्त्र शोधावे लागते. ‘आक्रमक’चे वाचकाच्या मनात ‘असाध्य’ होते, आणि असाध्य म्हटले की डॉक्टरांचे औषध व कोणी दिलेले तेल यांत फरक उरत नाही. वस्तुस्थिती अशी की, जलद वाढणाऱ्या या पेशींवर रसायनोपचार पुष्कळदा चांगला लागू पडतो. शस्त्रक्रियेपूर्वी तो दिला असता काही स्त्रियांत गाठीचा मागमूसही उरत नाही. येथे वेळ हाच उपचाराचा मोठा भाग आहे. त्या विद्यार्थिनीच्या घरी ‘आक्रमक’ या शब्दाने घाई व्हावयास हवी होती, झाली निराशा.

गांज्याविषयीच्या पुराव्याची भाषा तपासण्याचा असा प्रसंग या देशात पूर्वीही एकदा आला होता. तेव्हा दिशा उलटी होती. १८९३ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने हिंदुस्थानभर हिंडून १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे घेतले व १८९४ साली अहवाल दिला. मेळघाटाच्या पलीकडे, निमाडातील खांडवा हे त्या काळी सरकारी देखरेखीखालील गांज्याच्या लागवडीचे मोठे ठिकाण होते, त्यामुळे आपल्या भागाच्या वाचकाला तो अहवाल परका वाटत नाही. आयोगापुढील एक मुख्य प्रश्न होता : गांज्याने माणूस वेडा होतो काय? तोवरचा पुरावा म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांची नोंदवही. तीत ‘कारण’ असा एक रकाना असे आणि रोग्यासोबत पोलिसांकडून वा दंडाधिकाऱ्यांकडून आलेल्या माहितीपत्रावरून तो भरला जाई. माणूस गांजा ओढी एवढे कळले की कारकून तेथे ‘गांजा’ लिही. आयोगाने १८९२ साली दाखल झालेली अशी २२२ प्रकरणे एकेक करून मुळातून तपासली. संशयाचा फायदा देऊनही त्यांतील ९८ पलीकडे टिकली नाहीत. ‘तो गांजा ओढी व वेडा झाला’ आणि ‘तो गांज्याने वेडा झाला’ या दोन वाक्यांमधील अंतर त्या आयोगाने मोजले. त्यातील ‘व’ आणि ‘ने’ यांचा भेद तृतीयेच्या प्रत्ययाचा आहे, हे भाषेच्या अभ्यासकांच्या ध्यानी येईलच. आज रकाना तोच आहे, फक्त त्यात वेडाच्या कारणाऐवजी बरे होण्याचे कारण लिहिले जाते. ‘तिने तेल घेतले आणि ती बरी झाली’ अशी कथा कानावर येते तेव्हा ती बाई शस्त्रक्रिया व रसायनोपचार घेत होती की नाही, हे सांगणारे वाक्य कथेत नसते.

सामान्य माणूस याबाबतीत लेखकापेक्षा अधिक सावध असतो, असा माझा अनुभव आहे. त्या विद्यार्थिनीच्या आजीला मी पुढे भेटलो. तिने मला सांगितले, “गांज्याच्या तेलानं गाठ जिरते म्हने, सर.” या ‘म्हने’कडे लक्ष द्यावे. प्रमाण मराठीतील ‘म्हणे’ तेच. कर्ता नसलेले, रूप न बदलणारे हे पद वाक्याच्या शेवटी येऊन सांगते की, हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. याची जबाबदारी माझी नाही. विधानाचा उगम दाखविणारी अशी रूपे जगातील काही भाषांत क्रियापदाच्या प्रत्ययातच असतात आणि भाषाशास्त्रात त्यांच्या अभ्यासाला मोठे महत्त्व आले आहे. आपल्याकडे ते काम हे छोटे पद बिनबोभाट करते. आजीने जी खूण जपली ती कात्रणाने काढून टाकली होती. शिष्ट लेखनात ‘म्हणे’ उपरोधिक किंवा ग्राम्य वाटते म्हणून आपण ते वर्ज्य केले, त्याच्या जागी ‘संशोधकांच्या मते’ आणले. आणि दुसऱ्या परिच्छेदापासून तेही सोडून दिले.

शेवटी उरतो तो काळ. ‘पाणी शंभर अंशांवर उकळते’, ‘कॅनाबिडिऑल कर्कपेशी मारते’. मराठीतील हा साधा वर्तमानकाळ नियमाचा आहे. एकदा तो वापरला की विधान स्थलकालातीत होते. प्रयोगाचा वृत्तांत भूतकाळात असावयास हवा : अमुक साली, अमुक ठिकाणी, अमुक पेशींना इतके दिले असता असे झाले. काचपात्रातील कर्कपेशी पुष्कळ गोष्टींनी मरतात, कपडे धुण्याच्या सोड्यानेही मरतील. प्रश्न इतकाच असतो की तेवढी मात्रा जिवंत बाईच्या रक्तात, तिला न मारता, पोचविता येईल काय. तोंडाने घेतलेल्या कॅनाबिडिऑलचा फार थोडा अंश रक्तापर्यंत जातो. स्त्रियांना देऊन, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून, त्याने स्तनकर्करोग हटतो असे दाखविणारी चाचणी अद्याप झालेली नाही.

चाचणी झाल्यावर मराठी वाक्य कसे दिसते, याचा नमुना दूर शोधावयास नको. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन टोचावे, म्हणजे दात काढताना दंतवैद्य वापरतो तेच स्वस्त बधिरीकरणाचे औषध, एवढीच ती कल्पना. १,५८३ स्त्रियांचा विचार झाला; कोणाला टोचावयाचे हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. पाच वर्षांनी टोचलेल्या गटातील ९०.१ टक्के आणि न टोचलेल्या गटातील ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या. या वाक्यात ‘शकते’ नाही, ‘संभाव्य’ नाही, ‘रामबाण’ तर नाहीच. भूतकाळ आहे, दोन गट आहेत, दोन आकडे आहेत. फरक चार टक्क्यांहूनही कमी. परंतु तो स्त्रियांत मोजलेला आहे. विशेष हे की, अशा वृत्ताला मथळा देणे अवघड जाते. खरे विधान मराठीत बेताचे आणि लांबट दिसते. ते तसे दिसू द्यावे, इतके धैर्य संपादकांनी दाखविले पाहिजे.

कर्करोगावरील औषधांच्या जाहिरातीस १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने बंदी आहे. ‘आमच्या तेलाने कर्करोग बरा होतो’ असे छापणारा त्या कायद्याच्या कक्षेत येतो. ‘गांज्यातील घटक कर्करोग रोखू शकतात’ असे वृत्ताच्या ओघात लिहिणाऱ्यापर्यंत तो सहसा पोचत नाही. दोन्ही वाक्ये वाचणारी बाई मात्र एकच असते. म्हणून हा प्रश्न कायद्याहून अधिक भाषेचा आहे, आणि भाषेच्या विभागांनी तो आपला मानावा असे मला वाटते. आपल्याकडील भाषांतराच्या अभ्यासक्रमांत कविता आहेत, कथा आहेत. शास्त्रीय वार्ता क्वचितच दिसते.

आमच्या वर्गात या वर्षी मी २००७ च्या त्या निबंधाचा आशय चार वाक्यांत मराठीत आणण्याचा प्रयोग दिला. ‘संभाव्य’ व ‘शकते’ वापरावयाचे नाहीत, एवढी अट होती. बहुतेकांनी ‘संभव आहे’ लिहून अट चुकविली. एका विद्यार्थ्याने मात्र ‘उमेदवार औषध’ असा प्रयोग केला. इंग्रजीत अशा द्रव्याला निवडणुकीतील इच्छुकाचाच शब्द लावतात. परंतु मराठीतील ‘उमेदवार’ला आणखी एक अर्थ आहे. कारखान्यात वा कचेरीत काम शिकत असलेला, अजून कायम न झालेला, तोही उमेदवारच. पूर्वी लोक वर्षानुवर्षे उमेदवारी करीत आणि पुष्कळांना पुढे नोकरी मिळत नसे. मला हा शब्द ‘संभाव्य’हून पुष्कळ प्रामाणिक वाटला. माझ्या एका सहकाऱ्यांनी हरकत घेतली की, ‘उमेदवार’ या शब्दातच ‘उमेद’ आहे आणि रोग्याच्या घरी ती आधीच गरजेहून जास्त असते. हरकत खोडून काढण्याजोगा युक्तिवाद मला अजून सुचलेला नाही. कोणास सुचल्यास विभागाकडे लिहावे.